पॉन्टियॅक ४००चा ब्लॉक आणि मिशिगनमधले एक मशीन शॉप

जुनी गाडी घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करताना बहुतेक कामे हौशी माणसाला स्वतःच्या हाताने करता येतात. ब्रेक, वायरिंग, कार्बोरेटर आणि गंजलेले पत्रे ही सगळी कामे वेळ आणि चिकाटी मागतात, पण घरी होतात. इंजिन उचलून बाहेर काढण्यासाठी लागणारी छोटी क्रेनही भाड्याने मिळते. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करणे किंवा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करणे ही कामे मात्र थाउच्या हिशोबात, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात चालतात आणि त्यासाठी मशीन शॉपचा उंबरा चढावाच लागतो. माझ्या १९६७च्या पॉन्टियॅक जीटीओच्या इंजिनाचे हे काम मिशिगनच्या आग्नेय भागातल्या एका लहान शॉपने केले. हा त्या कामाचा आढावा आहे. तीन माणसांचे दुकान आहे आणि पुढे काही तक्रारीही येणार आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. ज्या गोष्टी मी तपासल्या त्या कोणत्याही मशीन शॉपला लागू पडतील.

गाडीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा त्या काळी अंतर्गत नियम होता. १९६४ साली पॉन्टियॅकच्या अभियंत्यांनी टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर ३८९ घनइंचांचे इंजिन ‘ऐच्छिक पॅकेज’ म्हणून देऊन त्या नियमातून वाट काढली आणि मसल कारचे युग तेथूनच सुरू झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९६७ साली त्या इंजिनाची जागा ४०० घनइंचांच्या इंजिनाने घेतली. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४.१२ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३.७५ इंच आणि नेहमीच्या जीटीओमधील जाहीर शक्ती ३३५ अश्वशक्ती होती. (ही अश्वशक्ती इंजिन मोकळे ठेवून मोजलेली असे, त्यामुळे आजच्या आकड्यांशी तिची थेट तुलना करू नये.) माझ्या ब्लॉकच्या (सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) तोंडावरची ‘वायएस’ ही दोन अक्षरे ऑटोमॅटिक गिअरच्या जीटीओची आहेत, म्हणजे ब्लॉक गाडीला साजेसाच आहे. दुसरा ब्लॉक विकत घेण्यापेक्षा हाच वाचवायचा, हे त्यामुळे आधीच ठरले होते.

इंजिन निळा धूर सोडत होते. तेलाचे चेंबर उघडले, तेव्हा तळाशी नायलॉनचे बारीक तुकडे सापडले. आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यातून येणाऱ्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या) चक्राला नायलॉनचे दात असत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात, तुटतात आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. ज्यांच्याकडे त्या काळातली पॉन्टियॅक आहे आणि हे चक्र कधी बदलल्याची नोंद नाही, त्यांनी चेंबर एकदा उघडून पाहावेच.

पहिल्या भेटीतच या दुकानाबद्दल माझे मत चांगले झाले, कारण मालकांनी यंत्राला हात लावण्याआधी तासभर फक्त मोजमाप केले आणि मला शेजारी उभे राहू दिले. प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर आणि दोन दिशांनी, अशा रीतीने आठ सिलिंडरची अठ्ठेचाळीस मापे त्यांनी एका छापील तक्त्यावर लिहिली आणि त्याची प्रत मला दिली. सात क्रमांकाचा सिलिंडर वरच्या बाजूला नऊ थाउ झिजला होता, बाकीचे सहा ते सात. झीज वरच अधिक का असते, हेही त्यांनी समजावले: स्फोटाचा दाब तेथे सर्वाधिक असतो आणि तेल सर्वांत कमी पोहोचते. त्यानंतर त्यांनी ध्वनिलहरींच्या उपकरणाने भिंतींची जाडी तपासली आणि मगच तीस थाउचा ओव्हरसाइझ, म्हणजे सिलिंडरचा व्यास तितका वाढवणे, सुरक्षित आहे असे सांगितले.

आपल्याकडच्या वाचकांसाठी येथे एक फरक स्पष्ट करायला हवा. माझ्या मामांचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिबोअरिंगचे काम होते. तेथे ट्रॅक्टरचे आणि पंपाचे डिझेल इंजिन झिजले की बहुधा लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी सुटी नळी) बदलला जाई आणि ब्लॉक तसाच राही. या अमेरिकन व्ही-एट इंजिनांत लायनर नसतो. पिस्टन थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडावर घासतो आणि बोअर करणे म्हणजे त्या भिंतीतलेच लोखंड कायमचे काढून टाकणे. पन्नास वर्षांपूर्वी कोणी आधीच साठ थाउ काढले असतील, तर पुढच्या माणसासाठी फारसे काही उरत नाही. म्हणून भिंत न मोजता बोअर करणाऱ्या दुकानात जुना ब्लॉक देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

या दुकानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे कामाचा क्रम. ब्लॉक लगेच बोअर करून द्यावा अशी माझी विनंती त्यांनी मान्य केली नाही. आधी हेड (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग), मग पिस्टन आणि शेवटी बोअर, असे ते म्हणाले. ‘पिस्टन हातात आल्याशिवाय मशीन चालू करायची नाही’, हे मामांचेही वाक्य होते; ते मला मिशिगनमध्ये पुन्हा ऐकायला मिळाले. यामागचे कारण साधे आहे. पिस्टनच्या खोक्यावर एकच माप छापलेले असले तरी प्रत्येक पिस्टन किंचित वेगळा असतो, म्हणून प्रत्येकाला मायक्रोमीटर लावून त्याच्याच मापाचा बोअर होन करायचा, म्हणजे बारीक दगडांनी घासून अचूक मापाला आणायचा असतो. माझ्या फोर्ज्ड (ओतीव नव्हे, दाबून घडवलेल्या) पिस्टनसाठी त्यांनी सिलिंडरच्या भिंतीपासून चार थाउंचे अंतर ठेवले आणि कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा, हे पिस्टनवर लिहून दिले.

हेड आधी का, याचे उत्तर पेट्रोलमध्ये आहे. १९६७चे ३३५ अश्वशक्तीचे हे इंजिन १०.७५ला १ या कॉम्प्रेशनचे (पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबले जाते त्या प्रमाणाचे) म्हणून विकले जाई आणि त्याला लागणारे शिसेयुक्त उच्च ऑक्टेनचे पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. आज येथे ९३ ऑक्टेन मिळते. जुने प्रमाण तसेच ठेवले, तर चढावर आणि उन्हाळ्यात इंजिन ठोकू लागते आणि त्यात पिस्टन फुटू शकतात. मालकांनी माझ्या ६७० क्रमांकाच्या हेडच्या प्रत्येक दहनकक्षात काचेच्या नळीतून द्रव सोडून त्याचे आकारमान मोजले. ते ७३ ते ७५ घनसेंटिमीटर भरले. त्यावरून आम्ही टेबलाशी बसून गणित केले आणि सुमारे सतरा घनसेंटिमीटरची खोलगट वाटी असलेले पिस्टन मागवले. बोअर ४.१५ इंच झाल्यावर इंजिन ४०६ घनइंचांचे आणि कॉम्प्रेशन ९.२च्या आसपास आले. ही बैठक बिलात धरलेली नव्हती आणि माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा भाग तीच होती.

होनिंग करताना त्यांनी ब्लॉकवर हेडच्या जागी जाड पोलादी पट्टा (टॉर्क प्लेट) बसवला आणि हेडचे बोल्ट कसतात त्याच ९५ फूट-पाउंडांना तो कसला. हेड कसले की त्याच्या ताणाने सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. पट्टा लावून होन केले, तर इंजिन जोडल्यानंतर तो गोल राहतो. हे काम काही दुकाने करत नाहीत, त्यामुळे दर विचारताना याची चौकशी अवश्य करावी. क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्याही आधी कसून घेतल्या होत्या. क्रँकशाफ्ट दहा थाउ ग्राइंड झाला. पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारे मूळचे कनेक्टिंग रॉड ओतीव होते. त्यांना नवे बोल्ट घालून मापात आणण्याचा खर्च नव्या फोर्ज्ड रॉडच्या किमतीजवळ जात असल्याने त्यांनी नवे घेण्याचा सल्ला दिला आणि तो मी मानला. रॉड आणि पिस्टन दोन्हींचे वजन बदलल्यामुळे संपूर्ण संच बॅलन्स करून घ्यावा लागला.

आता तक्रारी. पहिली वेळेची. पाच आठवड्यांचे काम अकरा आठवडे चालले आणि मधल्या काळात दुकानाचा फोन क्वचितच उचलला गेला. काम चांगले होण्यासाठी वेळ लागतो हे मला मान्य आहे, परंतु उशीर होणार असल्याचे एका वाक्यात कळवले असते, तर मी गॅरेजमधली इतर कामे त्यानुसार लावली असती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हेडमधल्या एक्झॉस्टच्या आठही व्हॉल्व्हखाली त्यांनी मला न विचारता कठीण पोलादाच्या सीट (बंद होताना व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्या) बसवल्या. शिसेयुक्त पेट्रोलमधले शिसे सीटवर पातळ थर धरून तिचे रक्षण करी. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून पूर्ण बंद झाले, शिशाचे ते रक्षण गेल्यामुळे कठीण सीट बसवण्याचा प्रघात आहे. सतत जोरात चालणाऱ्या किंवा ओझे ओढणाऱ्या गाडीला तो योग्यच आहे. वर्षाला हजार-दीड हजार मैल चालणाऱ्या माझ्या गाडीला मात्र त्याची घाई नव्हती आणि सीट बसवण्यासाठी हेडचे मूळ लोखंड कापावे लागते, ज्याच्या खाली पाण्याची पोकळी असते. जुन्या ओतकामात ती भिंत किती उरली आहे, हे कापल्याशिवाय दिसत नाही. माझ्या हेडला काही झाले नाही, तरीही परत न येणारी गोष्ट कापण्यापूर्वी मालकाला विचारणे हे दुकानाचे कर्तव्य होते. मी तसे स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. सीटचे निम्मे पैसे कमी केले.

तिसरी अडचण घरी उघडकीस आली. कॅमशाफ्ट आत सरकवला, तेव्हा चौथ्या बेअरिंगपाशी तो अडकू लागला. जोर न लावता मी तो बाहेर काढला आणि ब्लॉक पुन्हा चाळीस मैल नेला. बेअरिंग बसवताना त्याला एका जागी उंचवटा राहिला होता. मालकांनी तो माझ्यासमोर अर्ध्या तासात दुरुस्त केला आणि कॅम बोटांनी फिरवून दाखवला, पैसे घेतले नाहीत. ही तपासणी त्यांच्याकडेच व्हायला हवी होती. त्यासाठी माझा कॅम त्यांच्याकडे ठेवणे आवश्यक होते आणि त्यांनी तो मागितला नव्हता.

एक सूचना त्यांनी आवर्जून दिली आणि ती शब्दशः पाळावी. दुकानातून धुऊन आलेला ब्लॉकही घरी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रशने पुन्हा धुवायचा. मी धुतला, तेव्हा पांढऱ्या कापडावर होनिंगची राखाडी पूड चार वेळा आली. पाचव्या वेळी कापड स्वच्छ निघाले. नंतर लगेच तेल चोळले, कारण ताजे लोखंड काही मिनिटांत गंज धरते.

सर्व सुटे भाग वगळून बिल २,३६० डॉलर झाले: धुणे आणि तडे तपासणे १९०, पट्टा लावून बोअर आणि होनिंग ४८०, ब्लॉकचा वरचा भाग सपाट करणे १६०, कॅम बेअरिंग ११०, क्रँक २६०, बॅलन्सिंग ३०० आणि हेड ८६०. सीटचे १४० वजा होऊन मी २,२२० दिले. ब्लॉकच्या कामासाठी हे पैसे मला अगदी योग्य वाटतात, हेडच्या कामासाठी जास्त वाटतात.

जोडणी मी घरीच केली. प्लास्टिकची मापनदोरी दाबून पाहिली, तेव्हा मेन बेअरिंगमधले अंतर सर्वत्र दोन ते अडीच थाउंच्या आत निघाले, म्हणजे क्रँकचे ग्राइंडिंग तक्त्यावर लिहिल्याप्रमाणेच झाले होते. डिस्ट्रिब्यूटर बसवण्यापूर्वी ड्रिलने तेलाचा पंप फिरवला (पॉन्टियॅकमध्ये तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा लागतो) आणि रॉकरपर्यंत तेल पोहोचल्यावरच इंजिन चालू केले. नवा कॅम आणि लिफ्टर एकमेकांना बसावेत म्हणून पहिली वीस मिनिटे फेरे २,०००च्या खाली येऊ दिले नाहीत. इंजिन बसल्यानंतर आठही सिलिंडरचे कॉम्प्रेशन १५५ ते १६० पाउंडांत आले. मापांच्या त्या अठ्ठेचाळीस आकड्यांची पावती येथे मिळाली असे मी समजतो. आतापर्यंत १,४०० मैल झाले आहेत, धूर नाही आणि दोन तेलबदलांच्या मध्ये वरून तेल घालावे लागलेले नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीचा ब्लॉक पुढच्या महिन्यात याच दुकानात जाणार आहे, माझ्याच शिफारशीवरून. हेड तो दुसरीकडे देणार आहे. ब्लॉकसोबत त्याचा कॅमशाफ्ट जाईल आणि एक कागदही जाईल, ज्यावर मालकांची सही घ्यायचे आम्ही ठरवले आहे: कॅम फिरवून पाहिल्याशिवाय ब्लॉक परत द्यायचा नाही आणि यादीत नसलेले काहीही विचारल्याशिवाय कापायचे नाही.