आकाशातले पट्टे: ग्रेन घालायचा, डीबँड लावायचं की १० बिटवर जायचं?

रंकाळ्यावर सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला कलला की दहा-पंधरा मिनिटं आकाश केशरीतून जांभळ्यात विरघळत जातं, आणि प्री-वेडिंगवाल्यांची पळापळ सुरू होते. तेच फुटेज घरी आणून कॉन्ट्रास्ट चढवला की आकाशाच्या पायऱ्या होतात, म्हणजे रंग सलग न उतरता पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. माझ्या एका कामात त्या मला लॅपटॉपवर दिसल्याच नाहीत. कार्यालयातल्या एलईडी वॉलवर क्लिप सुरू झाली आणि नवरीच्या मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आभाळाला पट्टे कसले ओ हे?" जेवताना त्यांनी परत विचारलं.

उत्तर साधं आहे. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि व्हिडिओत काळा १६ वर, पांढरा २३५ वर धरतात म्हणून हाती त्याहूनही कमी उरतात. १० बिटमध्ये १०२४. आकाशानं फ्रेममधल्या पिक्सेलच्या ८०० ओळी व्यापल्या आणि वरपासून खालपर्यंत उजेडाचा फरक ४० पायऱ्यांचाच असला, तर दर २० ओळींचा एक पट्टा पडणार. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग-उजेड बदलताना, तो फरक दुप्पट ताणला की नव्या पायऱ्या तयार होत नाहीत, असलेल्याच दुप्पट उंच होतात. मग डोळ्याला कडा टोचते.

उपाय निवडण्याआधी पट्टे नेमके कुठं आलेत ते बघा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडा. तिच्यात आकाश गुळगुळीत असेल तर दोष ग्रेडिंगचा किंवा एक्स्पोर्टचा, म्हणजे शेवटची फाइल काढतानाचा. तीच फ्रेम फोनवरही बघा, कारण स्वस्तातला मॉनिटर स्वतःच पट्टे पाडतो. पाट्या आणि अॅनिमेशन करायच्या आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये नवं प्रोजेक्ट ८ बिटवर उघडतं. नावाच्या पाटीमागचा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात जाणारा उतार, फाटत असेल तर प्रोजेक्ट १६ बिटवर न्या, निम्मं दुखणं तिथंच जातं.

आता ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मवर दिसतात तसे दाणे. माझा कौल बहुतेक वेळा यालाच. पट्टा दिसतो तो सरळ, स्वच्छ कडेमुळे. बारीक दाणे टाकले की ती कड मोडते आणि डोळा दोन्हीकडचे रंग आपोआप मिसळतो. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. कुंचल्याच्या आकाशाला पायरी पडत नाही, कारण हात कधी दोनदा सारखा फिरत नाही. ग्रेन तोच बेशिस्तपणा परत आणतो. खर्च जवळजवळ शून्य: ग्रेनची तयार क्लिप वरच्या ट्रॅकवर ओव्हरले मोडमध्ये (खालचं चित्र दिसत राहील अशी मिसळून) टाकली तरी चालतं. मात्र तो ग्रेडिंगनंतर, सगळ्यात शेवटी घाला. नॉइज रिडक्शन (कॅमेऱ्याची खरखर पुसणारा फिल्टर) वापरणार असाल तर ते आधी, आणि जपून. अंधारातल्या शॉटमध्ये कॅमेऱ्याचा नॉइजच पट्टे झाकत असतो. तो पुसला की पट्टे उघडे पडतात, आणि आपण बिचाऱ्या कॅमेऱ्याला शिव्या देतो.

ग्रेनची खोड एकच, तो बिटरेट खातो, म्हणजे दर सेकंदाला फाइलमध्ये जास्त डेटा मागतो. बिटरेट कमी पडला की व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर आधी दाणेच गिळतो आणि पट्टे परत हजर. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्यून'च्या जागी ग्रेन निवडलं तर थोडे वाचतात. यूट्यूबसाठी १०८० ची (फुल एचडी) टाइमलाइन मोठी करून ४के मध्ये चढवा. तिथं ४के ला जास्त बिटरेट मिळतो.

डीबँड हा पट्टे घालवणारा फिल्टर. तो उलट्या बाजूनं काम करतो. शेजारच्या पिक्सेलमधला फरक ठरावीक मर्यादेच्या आत असला तर ते त्यांची सरासरी काढून मिसळतं. दाणे दिसत नाहीत, आकाश तुकतुकीत होतं. पण आकाश कुठलं आणि पैठणी कुठली हे त्याला कळत नाही. पन्हाळ्यावर तीन दरवाजाच्या एका शॉटला मी ते पूर्ण फ्रेमवर लावलं, तर दगडावरची बारीक नक्षी साबण लावून धुतल्यासारखी झाली आणि जरीची चमक गेली. म्हणजे फक्त आकाश निवडणारा मास्क आला, आणि कॅमेरा हलता असला की तो मास्क आकाशाबरोबर हलवणारं ट्रॅकिंगही. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डीबँड पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनात फुकट आहे, पण तिथं कमांड टाइप कराव्या लागतात. त्यातलाच 'ग्रॅडफन' हा फिल्टर फक्त बघताना लावायचा, कॉम्प्रेस करण्याआधी नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलंय. तरी लोक लावतात. दुसऱ्यानं दिलेलं, आधीच कॉम्प्रेस झालेलं फुटेज असेल, पट्टे रुंद असतील आणि ग्रेननं झाकत नसतील, तर डीबँड हाच मार्ग. त्यावर हलका ग्रेन घाला आणि मास्टर (शेवटची मुख्य फाइल) १० बिटमध्ये काढा, नाहीतर ८ बिटच्या एक्स्पोर्टमध्ये पायऱ्या पुन्हा पडू शकतात.

राहिला १० बिट कॅमेरा. मुळावर घाव हाच घालतो, पण महाग. सोनीचा ए७ थ्री (२०१८) ८ बिटचाच, ए७एस थ्री (२०२०) आतल्या आत, बाहेरचा रेकॉर्डर न लावता, १० बिट रेकॉर्ड करतो. एडिटिंगसाठी फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या फॉरमॅटमध्ये केलं तर १०८० च्या एका तासाला ८० जीबीच्या वर जागा जाते, म्हणजे हार्ड डिस्कही आली. लॉगमध्ये, म्हणजे नंतर ग्रेड करायला फिकट-सपाट चित्र देणाऱ्या मोडमध्ये, शूट करायची हौस असेल तर मी म्हणेन घ्याच, निदान मोठ्या कामाला भाड्यानं आणा. ८ बिटमध्ये लॉग म्हणजे आधी रंग चेपायचे आणि मग ताणायचे, पट्टे ठरलेलेच. हौस नसेल तर लॉग बंद ठेवा, उजेड आणि व्हाइट बॅलन्स जागेवरच नीट लावा, आणि हजारभर रुपयांचा ग्रेन-पॅकसुद्धा विकत घेऊ नका.

मामांच्या त्या क्लिपला मी नंतर आकाशापुरता ग्रेन घालून नवी फाइल दिली. पेन ड्राइव्हवर छान दिसली. त्यांनी ती व्हॉट्सअॅपवर पाहुण्यांना पाठवली आणि संध्याकाळी फोन आला: पट्टे परत आलेत. आता मी फाइल देतानाच सांगतो, व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.