ओढ्याची पातळी मोजायला पट्टी की सेन्सर?

छोटा ओढा नदीसारखा सावकाश चढत नाही. पाणलोट लहान असल्यामुळे जोराची सर आली की तासाभरात पूर येतो आणि तितक्याच लवकर ओसरतो.

काठाला रोवलेली मोजपट्टी स्वस्त आणि साधी. तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. पण रोज सकाळी आठला पातळी टिपणाऱ्याच्या वहीत रात्री दोनचा पूर उमटतच नाही. पाण्याच्या दाबावर चालणारा सेन्सर दर 15 मिनिटांनी नोंद करतो, त्यामुळे पाणी किती झपाट्यानं चढलं हेही कळतं. पूरधोका ओळखायला मला हीच नोंद खरी मोलाची वाटते. मात्र त्यावर गाळ बसला की आकडे भरकटतात, आणि ते पडताळायला शेवटी पट्टीच लागते.

पट्टीवाल्यांनी एक जुनी युक्ती जरूर करावी: भोकं पाडलेल्या उभ्या नळीत लाकडी काठी आणि चिमूटभर बुचाचा भुगा. पाण्याबरोबर भुगा वर तरंगतो आणि पाणी उतरलं की पुराच्या कमाल पातळीवर काठीला चिकटून राहतो. वेळ कळत नाही, उंची अचूक कळते.

प्रवाह, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मात्र दोन्हींतून थेट मिळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा वेग आणि पात्राचा काटछेद (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) मोजावा लागतो, आणि मोठ्या पुरानं तळ खरवडला की पुन्हा नव्यानं.