स्विमिंग पूलच्या काठाचे हलणारे दगड : आठ महिन्यांनंतर

डेकवर, म्हणजे पूलभोवतीच्या चालायच्या जागेवर, नवा थर चढवायचं ठरलं तेव्हा कोपिंगचे, म्हणजे पूलच्या काठावर बसवलेले, दोन दगड पायाखाली डुगडुगत होते. ठेकेदार म्हणाला, "वरून कोटिंग आलं की बसतील." त्याचं ऐकलं नाही, हे बरं झालं.

हातोडीच्या दांड्याने सगळा काठ वाजवून पाहिला. पक्का दगड टणक वाजतो, सुटलेला भद्द. दोन वाटले होते, निघाले अकरा! पाणी काठाखाली वीतभर उतरवलं. पूल पुरता रिकामा करायचा मोह होत होता. पण जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते, म्हणून आवरला.

दगड काढल्यावर खरा चोर सापडला. कोपिंग आणि डेकचा स्लॅब यांच्यामधली फट कधीतरी कुणीतरी सिमेंटने लिंपून टाकली होती. ऊन तापलं की स्लॅब फुगतो; पसरायला जागा नसली की काठाला रेटतो. असं रोज होत राहिलं की दगडाखालचा माल सुटतो, चिरेतून पाणी झिरपतं, आणि पुढचं काम ते पाणी करतं. नुसते दगड चिकटवले असते तर पुन्हा सुटले असते.

जुना माल छिन्नीने खालच्या बीमपर्यंत काढला. एका जागी बीमचाच कोपरा उडाला होता, तो आधी भरून घेतला. मग धूळ धुऊन, ओलं करून, पॉलिमरवाल्या मॉर्टारवर दगड बसवले. गवंड्याला चार कोपऱ्यांवर गोळे ठेवायची सवय. मी अख्ख्या दगडाखाली माल पसरायला लावला. पोकळी राहिली की तिथे पाणी साचतंच. पातळीला दोरी लावली होती, पण पूलचं पाणी हीच सगळ्यात प्रामाणिक लेव्हल. एक दगड किंचित वर राहिलेला पाण्याकडे बघूनच कळला.

फट स्लॅबच्या पूर्ण जाडीपर्यंत मोकळी केली, रुंदी साधारण 12 मिमी. डेकचा नवा थर काठाशी थांबवला, फटीवरून ओढू दिला नाही. यावरून थोडी वादावादी झाली. थर वाळल्यावर फटीत तिच्याहून जरा जाड फोमची दोरी दाबली आणि वर 6 मिमीच्या आसपास पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण. ते दोन्ही बाजूंना चिकटायला हवं, तळाला नको; तळाला धरलं की ताणताना फाटतं.

हे शिडीजवळ मला महागात पडलं. तिथे फट उथळ होती, दोरी मावेना, म्हणून सीलंट सरळ काँक्रीटवर ओतलं. पाचव्या महिन्यात हातभर पट्टा एका बाजूने सुटला. कापून काढला, तळाला न चिकटणारी टेप लावली, पुन्हा भरला. आता ठीक आहे.

बाकी तक्रारी किरकोळ. सीलंटवर भुरभुरलेली वाळू वर्दळीच्या बाजूला झडली, तिथे पट्टा काळपट दिसतो. नव्या मॉर्टारच्या दरजा जुन्यांपेक्षा उजळ आहेत. बायकोला दिसतात, मला नाहीत.

गेल्या आठवड्यात पुन्हा दांडा घेऊन काठ वाजवत फिरलो. अकराही दगड टणक. काठालगत डेकला चीर नाही. मात्र तेव्हा पक्का वाटलेला एक बारावा दगड आता जरा भद्द बोलायला लागलाय. त्यावर खडूची फुली मारून ठेवली आहे.