जुनी कादंबरी: ऐकावी की वाचावी?

परवा डबा खाताना ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "'पण लक्षात कोण घेतो' वाचायची राहिलीच आहे रे. अ‍ॅपवर ऐकली तर चालेल ना? जाण्या-येण्याचा वेळ तरी कारणी लागेल." मी एका दमात "नाही, वाचच" म्हणून मोकळा झालो. नंतर वाटलं, तिला कारण सांगायला हवं होतं. मला स्वतःला हे ठरवायला दोन वर्षं लागली आहेत, आणि त्यातलं बरंचसं ऐकण्याच्या बाजूनंही आहे.

मी मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टात. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पुस्तक उघडायचं म्हटलं तर शेजारच्याच्या बरगडीत कोपर जातं. एक हात कडीला, दुसरा पाठीवरून पुढे घेतलेल्या बॅगेवर. अशा वेळी कानात गोष्ट सुरू असणं ही चैन आहे. हेडफोन नसते तर काही जुनी पुस्तकं माझ्याकडून कायमची राहून गेली असती, हे मी मनापासून कबूल करतो.

जुन्या भाषेच्या बाबतीतही ऐकणं सोपं जातं, निदान सुरुवातीला. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'घरीं', 'तें', 'जेव्हां' अशी अक्षरांच्या डोक्यावर टिंबांची रांग असते. नवा वाचक पहिल्या दहा पानांत तिथेच अडखळतो. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणाऱ्या हरिभाऊ आपट्यांचं वाक्यही लांब पल्ल्याचं. चांगल्या आवाजात ते ऐकलं की त्याची लय आपोआप सापडते आणि मग ते लांब वाटत नाही.

आणि एक पुस्तक तर मी म्हणेन ऐकाच. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी त्याचा बहुतेक भाग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे मुळातच ते कुणीतरी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मी रोज एक रात्र ऐकत होतो, आणि तेवढ्या दिवसांपुरता तरी 'वाचन श्रेष्ठ' हा माझा हेका सुटला होता.

त्याच भरात 'पण लक्षात कोण घेतो' लावली. कुठल्या अ‍ॅपवर ते सांगत नाही. वाचणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, उच्चार स्वच्छ होते, मेहनतही दिसत होती.

पण त्या रडत होत्या.

कादंबरीची नायिका यमुना आपली हकिकत स्वतः सांगते, अगदी लहानपणापासून. ती हकिकत केवढी दुःखाची आहे हे निराळं सांगायला नको. पण ती दुःख 'सांगत' नसते. ती काय झालं ते सांगते. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, दादा काय म्हणाला. लहान मुलगी जेवढं पाहू शकते तेवढंच ती आपल्यापुढे ठेवते, आणि त्यातलं काय भयंकर आहे ते आपल्याला दिसतं. अ‍ॅपवर मात्र यमुना आईबद्दल बोलायला लागली की वाचणाऱ्या बाईंचा गळा आधीच दाटून यायचा. पाठोपाठ व्हायोलिन. आई आजारी पडायच्या आधी मला कळायचं की आता आई जाणार. तिच्या सासरचे शंकरमामंजी तोंड उघडायच्या आत त्यांचा आवाज खलनायकी व्हायचा. तो माणूस भयंकर का आहे? तर तो धर्माच्या, वडीलकीच्या, घराण्याच्या इभ्रतीच्या भाषेत बोलतो म्हणून. सभ्य आवाजात बोलणारा शंकरमामंजी मी आयुष्यात दोन-तीन ठिकाणी पाहिला आहे, घसा खरवडून बोलणारा एकही नाही.

विधवा झालेल्या यमुनेच्या केशवपनाचा प्रसंग आला तेव्हा मी दादरच्या पुलावर होतो. माणसांचा लोंढा मागून ढकलत होता आणि कानात संगीत टिपेला गेलं होतं. मी बटण दाबून ते बंद केलं. पुलाच्या कडेला कठड्याशी उभा राहिलो. मला गलबलून आलं नव्हतं, संताप आला होता, आणि तोही त्या घरातल्या माणसांचा नाही, व्हायोलिनचा. त्या प्रसंगाला मी असं पारखं होणं मला फार लागलं.

त्याच आठवड्यात दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी पुस्तक आणलं आणि पहिल्यापासून वाचलं. सकाळी नाही, संध्याकाळी. सीएसएमटीहून सुटणारी स्लो पकडायची. घरी पंधरा-वीस मिनिटं उशीर होतो, पण बसायला जागा मिळते. मशीद बंदर जाईपर्यंत मी यमुनेच्या घरात असायचो. पुढे ती नवऱ्याबरोबर मुंबईत येते, घरातल्या मोठ्यांच्या जाचापासून लांब. तिला आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो तो या शहरात. ते दिवस थोडेच आहेत हे तिला ठाऊक आहे, कारण ती मागे वळून सांगते आहे. ती ते दिवस आनंदानंच सांगते, आणि तो आनंद वाचणं जड जातं. त्या पानांत बोट घालून मी पुस्तक मिटलं आणि भायखळा ते कुर्ला नुसता खिडकीबाहेर बघत बसलो. कानातली गोष्टही थांबवता येते म्हणा, पण मी ती कधी थांबवायचो नाही. पुस्तक मात्र हातात आपोआप मिटतं.

मला वाटतं जुन्या कादंबऱ्या आजही लोकांना धरून ठेवतात त्या यामुळे. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं आली, तेव्हाचा वाचक त्याच घरांत राहत होता. त्याला हे सगळं रोजचं होतं, म्हणून नावातच प्रश्न आहे. आज ती घरं तशी राहिली नाहीत, तरी प्रश्न आपल्याला विचारलेला आहेच, आणि लक्षात घेण्याचं काम लेखकानं आपल्यावर सोपवलं आहे. तेच काम दुसरं कुणी आवाज कापरा करून आधीच उरकून टाकलं, तर आपल्या हाती फक्त कथानक उरतं. कथानक काय, दहा मिनिटांत कुणीही सांगेल.

सगळी निर्मिती अशी नसेल, हेही खरं. संगीताशिवाय, साध्या आवाजात वाचलेलंही मी ऐकलं आहे आणि ते छान होतं. लावण्याआधी नमुना ऐका, तोही सुरुवातीचा नको, मधला कुठला तरी.

'रणांगण'बद्दलही मैत्रिणीनं विचारलं होतं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवरची. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू प्रवासी, त्यांतली हॅर्टा, आणि मुंबईला परतणारा चक्रधर. लहान पुस्तक आहे, दोन बैठकींत होतं, त्यामुळे ऐकून वेळ वाचवण्याचा प्रश्नच नाही. मी ऐकलेल्या आवृत्तीत हॅर्टाला परदेशी हेल दिला होता. कागदावर ती चक्रधराशी सरळ मराठीत बोलते आणि म्हणून ती त्याच्या इतकी जवळची वाटते. त्या हेलानं ती परत परकी झाली. हे मात्र माझ्या कानाचं मत. कुणाला तो हेल आवडेलही.

एक व्यवहाराची गोष्ट, दोन्हीकडे लागू. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांची पुस्तकं आता कुणीही छापू शकतं, कुणीही वाचून विकू शकतं. त्यामुळे 'संक्षिप्त' हा शब्द बारीक अक्षरात कुठे आहे का, ते आधी बघा. हरिभाऊंच्या कादंबरीतून पाल्हाळ म्हणून जे कापतात, त्यात बहुधा स्वयंपाकघरातली बोलणी जातात, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

मैत्रिणीला मी शेवटी असं सांगितलं: सकाळी 'श्यामची आई' ऐक, रोज एक रात्र. हरिभाऊ संध्याकाळच्या स्लोसाठी ठेव, आणि ते जमत नसेल तर रविवारसाठी. दोन महिने लागले तरी लागू देत.

माझ्या आईला मोतीबिंदूमुळे हल्ली बारीक अक्षर वाचवत नाही. तिला मी आधी अ‍ॅपवरचीच यमुना लावून दिली होती. पंधरा मिनिटांनी तिनं फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, "आई कशी वाचायची आठवतं? पोथी वाचल्यासारखी, एका सुरात. तसं वाच." माझी आजी खरंच तशी वाचायची, दुपारी, चाळीतल्या चार बायका निवडणं-टिपणं घेऊन बसलेल्या असायच्या. तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की मी आईला दोन प्रकरणं वाचून दाखवतो. मागच्या रविवारी यमुनेच्या आईचं जाणं आलं. माझा आवाज हलला तशी ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "तू नुसतं वाच."