शॉर्ट बेड ट्रकसाठी "ऑटोमॅटिक" हिच : आम्हाला कसं गंडवलं ते वाचा

अमेरिकेत पिकअप ट्रकला फिफ्थ व्हील ट्रेलर (राहायची सोय असलेलं चाकांवरचं घर) लावून नॅशनल पार्क फिरायचं खूळ हल्ली आपल्या लोकांतही बरंच वाढलंय, घरून काम सुरू झाल्यापासून तर जास्तच, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आम्ही टेक्सासमधे, डॅलसच्या बाजूला राहतो. ज्या डीलरने टोपी घातली त्याचं नाव टाकत नाही कारण आमची तक्रार अजून चालू आहे. पण त्याची पद्धत सांगते, पद्धत कळली तरी पुरे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. साधा ट्रेलर बंपरच्या मागे बॉलला अडकवतात. फिफ्थ व्हीलचं तोंड उंच असतं, ते ट्रकच्या हौद्यावर (मागच्या उघड्या बेडवर) येतं, त्याच्या खाली पिन बॉक्स, त्यातून खाली आलेली दोन इंच जाडीची किंगपिन, आणि हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेली हिच, तिच्या जबड्यात ही पिन अडकते. वजन थेट ॲक्सलवर येतं त्यामुळे हायवेला बाजूने मोठा ट्रक गेला तरी ट्रेलर फारसा डुलत नाही. आठ फुटी हौदा असेल तर सहसा काही अडत नाही, पण क्रू कॅब (चार दारांची केबिन) आणि वर आठ फुटी हौदा म्हणजे पार्किंगची बोंब, म्हणून घरगुती लोक साडेपाच नाहीतर साडेसहा फुटी घेतात. हाच तो शॉर्ट बेड.

आता गणित बघा. ट्रेलरची रुंदी आठ ते साडेआठ फूट. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलर हौद्यावर आडवा येतो, म्हणजे पिनच्या पुढे त्याची अर्धी रुंदी, ४८ ते ५१ इंच, मोकळी लागते. आमच्या ट्रकला पिनच्या जागेपासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंत टेप लावला तर ४२ इंच भरलं. वर ट्रेलरच्या नाकाचा कोपरा पूर्ण काटकोन व्हायच्या आधीच जास्तीत जास्त पुढे येतो ते वेगळंच. म्हणून शॉर्ट बेडला स्लायडर हिच घेतात, वळताना ती ट्रकच्या मागच्या बाजूला दहा-बारा इंच सरकते, काही मॉडेल अजून जास्त.

यात दोन जाती. मॅन्युअलमधे उतरून लीव्हर ओढावा लागतो. ऑटोमॅटिकमधे हिचचं हेडच ट्रेलरबरोबर फिरतं आणि फिरता फिरता खालच्या वळणदार ट्रॅकमुळे आपोआप मागे सरकतं, सरळ झालं की पुन्हा जागेवर. पण हेड ट्रेलरबरोबर फिरायला ते ट्रेलरशी जखडलेलं हवं ना, त्यासाठी पिन बॉक्सच्या खाली, किंगपिनभोवती, पाचरीच्या आकाराची एक पोलादी प्लेट बसवतात. तिला कॅप्चर प्लेट म्हणतात. ती नसेल तर पिन हिचमधे व्यवस्थित अडकते, ओढून बघितलं तर सुटत नाही, ट्रेलर शंभर मैल मजेत येतो, फक्त वळताना हेड फिरत नाही. म्हणजे ऑटोमॅटिक हिचचे पैसे देऊन तुम्ही साधी फिक्स हिच घेऊन चाललेले असता आणि सरळ रस्त्यावर ते कळायला काही मार्गच नाही. आमचा सगळा किस्सा या एका प्लेटचा आहे.

ट्रेलर सेकंडहँड, साधारण अठ्ठावीस फुटी, लोनवर घेतला. सेल्समन एकदम गोड बोलणारा, मुलांना पॉपकॉर्न काय, नवऱ्याशी क्रिकेटबद्दल काय. मी त्याला तोंडावर विचारलं, आमचा शॉर्ट बेड आहे, कॅबला लागणार नाही ना. तर म्हणाला, तुम्हाला ऑटोमॅटिक स्लायडर देतोय, ट्रकमधून उतरायचंसुद्धा काम नाही, वळा बिनधास्त. हेच त्याने टेक्स्टवर पण लिहून पाठवलं, ते पुढे फार कामी आलं. इन्व्हॉइसवर मात्र एकच ओळ, "हिच पॅकेज, फिटिंगसह", ना कंपनी ना मॉडेल ना सीरियल नंबर. मी मॉडेल लिहून मागितलं तर म्हणाला सिस्टिममधे पॅकेज असंच येतं. हिच आणि फिटिंग धरून साडेतीन हजार डॉलरच्या थोडं वर झाले आणि ते आम्ही क्रेडिट कार्डवर दिले, ट्रेलरच्या लोनमधे घालू दिले नाहीत. तो लोनमधेच घाला म्हणून फार मागे लागला होता. का ते आता कळतंय.

अंगणात त्याने डेमोही दिला बरं का! हिचच्या बाजूचं हँडल ओढून दाखवलं, खाडकन आवाज आला, म्हणाला हीच ती सिस्टिम. ते हँडल नुसतं जबडा उघडायचं असतं, प्रत्येक फिफ्थ व्हील हिचला असतं, फिक्सला सुद्धा. सरकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ट्रक जोडून ट्रेलर काटकोनात वळवून दाखवायची गोष्ट निघाली तर मागे गाड्या लागल्यात, जागा नाही, असं म्हणून विषय गुंडाळला. त्यांच्या गेटमधून निघताना रस्ता रुंद, हायवे सरळ, घरासमोरचं वळण लांबलचक, त्यामुळे घरी येईपर्यंत सगळं छान.

पहिल्याच कॅम्पग्राउंडवर साइटमधे रिव्हर्स घेताना मी बाहेर उभी होते. नवरा स्टिअरिंग फिरवतोय, मी ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याकडे बघतेय, कोपरा कॅबच्या दिशेने येतोय आणि हिच जागची हललेली नाही. मला वाटलं आता सरकेल, आता सरकेल, दोन बोटांचं अंतर राहिलं तेव्हा मी जोरात ओरडले, पण तोपर्यंत वरचा ब्रेक लाइट गेला होता, लाल प्लास्टिकचे तुकडे हौद्यात आणि ट्रेलरच्या फायबरला वीतभर चर. काच वाचली. पोरं मागच्या सीटवर होती, काच गेली असती तर काय झालं असतं ते लिहवत नाही.

ओळखीतले एक काका आहेत, अनेक वर्षं ट्रेलर ओढतात. त्यांनी येऊन आधी पिन सोडवायला लावली आणि हिचच्या हेडवर टॉर्च मारला. हेडच्या काळ्या रंगावर गोल गोल घासल्याच्या चकचकीत खुणा. म्हणाले, "हे बघ वहिनी, प्लेट असती तर हेड आणि पिन बॉक्स एकत्र फिरले असते, एकमेकांवर घासलेच नसते. हे घासलंय म्हणजे ट्रेलर हेडच्या वर फिरतोय आणि हेड आपलं गप्प बसलंय." मग पिन बॉक्सच्या खाली हात घालून दाखवलं, नुसती पिन, प्लेटचा पत्ता नाही. ती कधी बसवलेलीच नव्हती, तिथे तिच्या बोल्टच्यासुद्धा खुणा नाहीत.

त्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली ती अजून संतापजनक. आमच्या ट्रकच्या हौद्यात प्लास्टिकची काळी गोल झाकणं होती, आम्हाला वाटायचं पाणी जायची भोकं असतील. ती उचलली तर खाली फॅक्टरीतूनच दिलेली हिच बसवायची जागा निघाली, तिला पक सिस्टिम म्हणतात, त्यात बसणारी हिच नुसती ठेवायची आणि फिरवून लॉक करायची, काही ड्रिल करावं लागत नाही. डीलरच्या माणसाला हे दिसलं नसेल हे मी मरेपर्यंत मानणार नाही कारण त्याने रेल (हिच ज्यावर बसते त्या हौद्याला बोल्ट केलेल्या पोलादी पट्ट्या) ठोकताना एक झाकण काढून बाजूला चिकटवून ठेवलं होतं! म्हणजे गरज नसताना हौद्याला भोकं पाडली, रेल विकले, वर तासांप्रमाणे मजुरी लावली. का, तर त्याच्याकडे पडून असलेली जुनी हिच रेलवरच बसणारी होती.

फोन केल्यावर काय काय ऐकवलं विचारू नका. आधी म्हणाला तुम्ही फार शार्प वळलात. (अरे शार्प वळता यावं म्हणूनच तर पैसे दिले.) मग म्हणाला प्लेट सगळ्या ट्रेलरला आतच असते. मग म्हणाला प्लेट ऑप्शनल ॲक्सेसरी आहे, वेगळी घ्यावी लागते. शेवटी मॅनेजरने सही केलेला कागद काढला, ॲज इज, आहे तसं घेतलंय, आणि हात वर केले. मी हिच बनवणाऱ्या कंपनीलाच फोन लावला. तिथली बाई फार चांगली होती, तिने पिन बॉक्सच्या बाजूचा नंबर वाचायला सांगितला आणि दोन मिनिटांत सांगितलं की या पिन बॉक्सला आमची कुठलीच प्लेट बसत नाही, आधी पिन बॉक्स बदला. ते मी ईमेलवर लिहून घेतलं. म्हणजे हा "ऑटोमॅटिक" आमच्या ट्रेलरवर चालणं कधी शक्यच नव्हतं.

वजनाचीही थाप होतीच. त्याने ब्रोशरमधलं पिन वेट (ट्रेलरचं पिनवर येणारं वजन) दाखवलं होतं, साधारण १,६०० पाउंड, ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. प्रत्यक्षात भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा पिनवर येतो. ट्रकस्टॉपवर कॅट स्केल असतात तिथे थोड्या डॉलरमधे प्रत्येक ॲक्सलचं वजन कागदावर मिळतं, एकदा ट्रेलरसकट आणि एकदा ट्रेलर सोडून केलं तर आमच्या पिनवर २,२०० च्या वर निघालं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो त्यावरचं पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) बघायचं, जाहिरातीतली टोइंग कपॅसिटी (ओढायची क्षमता) नाही, आणि त्या पेलोडमधूनच माणसं, सामान आणि हिचचं स्वतःचं वजन जातं. आमची ती हिच रेलसकट पावणेतीनशे पाउंडाच्या आसपास, आम्ही चौघं बसलो की हिशोब लाल रेषेच्या पार.

पैशाचं काय झालं ते सांगते कारण बरेच लोक इथे येऊन सोडून देतात. कार्डच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकला, ठरलं तसं मिळालं नाही या मुद्द्यावर. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, फेडरल कायदा आहे १९७४ चा. सोबत त्याचा टेक्स्ट, घासल्याच्या खुणांचे फोटो, कंपनीचा ईमेल. डीलरने तोच ॲज इज वाला कागद पाठवला. पण टेक्सासमधे खोटं सांगून सही घेतली असेल तर नुसत्या ॲज इजने सुटका होईलच असं नसतं, आणि इथे ग्राहकांना फसवण्याविरुद्ध १९७३ पासून वेगळा राज्याचा कायदा आहे, त्यात कोर्टात जायच्या आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यायची असते. ती मी सर्टिफाइड मेलने पाठवली आणि लिहिलं की पुढे जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांचं कोर्ट) जाईन, तिथे २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो. इतके महिने ज्याला फोन उचलायला वेळ नव्हता त्या मॅनेजरचा पत्र पोचल्यावर स्वतःहून फोन आला. हिचचे पैसे परत मिळाले. फिटिंगचे, हौद्यातल्या भोकांचे आणि ब्रेक लाइटचे नाही, त्यासाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार टाकलीये आणि नोटिशीचे दिवस मोजतोय.

आता आम्ही त्या पकवरच बसणारा मॅन्युअल स्लायडर घेतलाय, आधीच्यापेक्षा हलका. कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी थांबायचं, लीव्हर ओढायचा, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून धरायचा आणि ट्रक हळू पुढे घ्यायचा, खट्ट आवाज आला की हिच मागे लॉक. निघताना उलट, ब्रेक दाबून ट्रक रिव्हर्स, की पुन्हा ॲक्सलवर. हायवेला मागे सरकवलेल्या हिचवर कधीच जायचं नाही. कटकट आहे खरी पण सरकलं की नाही हे डोळ्यांनी दिसतं. काही जण पिन बॉक्सच बदलतात, वळायचा बिंदू बावीस इंच मागे नेणारा मिळतो, तोही चांगला, पण त्यात किंगपिन हिचमधे फिरू नये म्हणून त्या त्या हिचची पाचर लागते आणि तिथेही विकणारे पाचरीचं नाव काढत नाहीत. "ट्रेलरचे पुढचे कोपरे कापलेले आहेत, स्लायडरची गरजच नाही" हे अर्धं खरं असतं, काही ट्रकवर चालतं काहींवर नाही, काउंटरवर बसून कोणी सांगू शकत नाही. पैसे देण्याआधी तुमच्याच ट्रकला तोच ट्रेलर जोडून त्यांच्याच आवारात दोन्ही बाजूंना काटकोनात वळवून दाखवायला सांगा, आणि इन्व्हॉइसवर हिचचं मॉडेल, सीरियल आणि प्लेट किंवा पाचरीचा पार्ट नंबर आल्याशिवाय कार्ड देऊ नका.

आणि हो, आम्ही परत केलेली हिच त्या डीलरने पुन्हा विकायला लावलीये. फोटोत हेडवरच्या घासल्याच्या खुणा काळा रंग मारून झाकल्यात, खाली लिहिलंय "शॉर्ट बेड रेडी, फुल्ली ऑटोमॅटिक", आणि किंमत आमच्यापेक्षा दोनशे डॉलर जास्त. प्लेट फोटोत नाहीये. डॅलसकडचं कोणी बघत असेल तर तिथे जाऊन आधी ती मागा.