तीन थरांचं कार कव्हर: उघड्यावरच्या गाडीला कितपत कामाचं?

नाशिकला बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव छतावरून अक्षरशः ओघळतं. सिडको, इंदिरानगरात रस्त्याकडेला महिनाभर उभी राहणार असलेल्या गाडीला हे कव्हर चांगलं. बाहेर पॉलिस्टर, मध्ये पाणी अडवणारा पापुद्रा, आत मऊ अस्तर. पातळ प्लास्टिकसारख्या स्वस्त कव्हरमध्ये वाफ कोंडून पत्र्यावर पांढरे डाग पडतात. यात ते बरेच कमी.

आरशांचे कप्पे नीट बसतात. पोटाखालून जाणारा पट्टा मात्र तकलादू, बकल लवकर सुटतं. सैल कव्हर वाऱ्याने फडफडलं की खालची धूळ पॉलिश पेपरचं काम करते, म्हणून गाडी धुवून, पूर्ण कोरडी करूनच घाला. ओल्या गाडीवर तर नकोच.

बाकीचं कव्हरच्या हातात नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त हवा ठेवा. हँडब्रेक ओढू नका, ब्रेकचे शू चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना विटा पुरेत. बॅटरीची निगेटिव्ह तार १० नंबरच्या पान्याने काढा, मग रिमोट चालणार नाही, दार किल्लीनेच लावा. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. उंदीर? त्यांना हे कव्हर उलट उबदारच वाटतं. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघाच.

झाडाखाली लावणार असाल तर घ्या. शेड असेल तर साधं सुती कव्हर बास.