625 ची गोळी: पैसे नेमके कशाचे?

उत्पादन: अमॉक्सिसिलिन 500 मिलिग्रॅम + क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड 125 मिलिग्रॅम. ऑगमेंटिन 625 डुओ, क्लॅवम 625, मॉक्सिकाइंड-सीव्ही 625, ॲडव्हेंट 625 ही त्यातली ओळखीची नावं. जनऔषधी केंद्रात हीच गोळी नुसत्या घटकांच्या नावाने मिळते. लहान मुलांसाठी ड्राय सिरप.

निकाल आधीच सांगतो. कुत्र्या-मांजराचा चावा, दहा दिवस होऊनही न हटणारं सायनस, मुलांचा पुन्हा पुन्हा ठणकणारा कान: इथे गोळी पैसा वसूल. नुसता घसा धरलाय: निम्मे पैसे पाण्यात. सर्दी, फ्लू, डेंग्यू: शून्य गुण, कारण हे आजार विषाणूंचे.

मेडिकलमध्ये हिला ‘हेवी’ गोळी म्हणतात. पण साध्या अमॉक्सिसिलिन 500 मध्ये जंतू मारणारं औषध जेवढं, तेवढंच हिच्यात. वरचे 125 मिलिग्रॅम स्वतः जवळजवळ काहीच मारत नाहीत. जंतूंकडे औषध तोडणारं एक एन्झाइम असतं, ते निकामी करणं एवढंच त्यांचं काम. जंतूकडे ते एन्झाइम असेल तर हे 125 लाखमोलाचे. नसेल तर तुम्ही जादा पैसे देऊन जुलाब विकत घेतलेत.

आधी 500 चं काम. जंतूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते: साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे दुवे. परांचीचे बांबू सुंभाने बांधावेत तसे हे दुवे बांधणारी एन्झाइम जंतूकडे असतात. त्यांना पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन, थोडक्यात पीबीपी, म्हणतात. न बांधलेल्या दुव्याच्या टोकाला डी-ॲलॅनिनची जोडी असते. पीबीपी त्यातलं शेवटचं ॲलॅनिन तोडतं आणि उरलेलं टोक शेजारच्या साखळीला जोडतं. पेनिसिलिनच्या रेणूतलं चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं या जोडीसारखं दिसतं. पीबीपी त्याला पकडतं, कडं उघडतं आणि औषध पीबीपीमधल्या सेरीन या अमिनो आम्लाला चिकटून बसतं. ते सुटायला तासन्‌तास लागतात. तेवढ्यात वाढणाऱ्या भिंतीत जागा करण्यासाठी ती ठिकठिकाणी कापणारी जंतूची स्वतःचीच एन्झाइम चालू असतात. कापणं सुरू, बांधणं बंद. आतल्या दाबाने भिंत फाटते आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही, म्हणून हे औषध आपल्याला एवढं सोसतं. मायकोप्लाझ्मा या जंतूलाही भिंत नाही, त्यामुळे त्याच्या न्यूमोनियात 625 कितीही दिवस घ्या, उपयोग होत नाही.

मूळचं ‘पेनिसिलिन-जी’ पोटातल्या आम्लात बरंचसं नासतं आणि ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या पडद्यातून नीट आत जात नाही. अमॉक्सिसिलिनमधल्या जादा अमिनो गटामुळे ते आम्लात टिकतं आणि त्या पडद्यातल्या पोरिन नावाच्या छिद्रांतून आत शिरतं. कारखान्यात आजही सुरुवात बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिनपासूनच होते. त्याची बाजूची साखळी एन्झाइमने छाटून तिथे नवी बसवतात. पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 साली पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं, ते या घराण्याचं थोरलं औषध.

आता 125 कडे. जंतूंचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त बचाव म्हणजे बीटा-लॅक्टमेज. हे एन्झाइम पीबीपीसारखंच कडं उघडतं, पण लगेच पाण्याच्या रेणूच्या मदतीने मोकळं होऊन पुढच्या रेणूकडे वळतं. एका सेकंदात पेनिसिलिनचे शेकडो रेणू निकामी. ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि चेन यांनी हे एन्झाइम 1940 सालीच नोंदवलं, म्हणजे औषध रुग्णांपर्यंत पोचण्याआधी. औषध यायच्या आत त्याचा उतारा जंतूंकडे तयार होता!

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमध्येही बीटा-लॅक्टम कडं आहे. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस या मातीतल्या जंतूपासून ते मिळतं. बीचम कंपनीच्या संशोधकांनी ते 1970 च्या दशकात शोधलं आणि 1981 साली ब्रिटनमध्ये अमॉक्सिसिलिनसोबत बाजारात आणलं. बीटा-लॅक्टमेज त्याचं कडं उघडायला जातं, पण उघडल्यावर त्या रेणूची मोडतोड होऊन तो एन्झाइमच्या सेरीनवरच कायमचा अडकतो. एन्झाइम बाद, अमॉक्सिसिलिनला रस्ता मोकळा. स्टॅफिलोकॉकसचं पेनिसिलिनेज, ई. कोलायमधलं टेम-1, कान-सायनसला त्रास देणाऱ्या हिमोफिलसचं आणि मोराक्सेलाचं बीटा-लॅक्टमेज, तोंडातल्या बऱ्याच विनाऑक्सिजन जंतूंची एन्झाइम, या सगळ्यांवर हा उपाय लागू पडतो.

पण बचाव एकाच प्रकारचा असता तर प्रश्नच मिटला असता. एमआरएसए घ्या, म्हणजे मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस. या स्टॅफिलोकॉकसकडे एमईसीए नावाच्या जनुकामुळे पीबीपी-2ए हे वेगळं बांधणारं एन्झाइम असतं, ज्याला पेनिसिलिन चिकटतच नाही. 1961 साली इंग्लंडमध्ये त्याची पहिली नोंद झाली. इथे औषध कोणी तोडत नाही, ते बसायची जागाच बदललेली आहे. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने काय करायचं? न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूचंही तेच: तो दुसऱ्या स्ट्रेप्टोकॉकसकडून जनुकांचे तुकडे उचलून स्वतःचे पीबीपी बदलतो. त्याच्या विरोधात अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवून कधी कधी भागतं, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड वाढवून कधीच नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जंतू पोरिनची दारं कमी करतात, शिवाय आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. स्युडोमोनास हे सगळं जन्मतःच करतो, म्हणून तिथे 625 लिहिणं व्यर्थ. एंटेरोबॅक्टरच्या एम्पसी एन्झाइमवर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड चालत नाही, उलट ते एन्झाइम जास्त बनवायला चालना मिळू शकते. आणि एनडीएम हे जस्तावर चालणारं बीटा-लॅक्टमेज आहे. सेरीनवर रचलेला सापळा त्याला लागूच होत नाही.

ईएसबीएल म्हणजे सेफोटॅक्सिमसारखी पुढच्या पिढीची औषधंही तोडणारं बीटा-लॅक्टमेज. त्याचा मामला जरा गमतीचा आहे. लॅबमध्ये जंतू पसरलेल्या प्लेटवर दोन चकत्या ठेवतात: एक नुसत्या सेफोटॅक्सिमची, दुसरी सेफोटॅक्सिम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची. रात्रभरानंतर चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजतात. दुसऱ्या चकतीचं वर्तुळ पहिलीपेक्षा 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मोठं आलं तर ईएसबीएल पक्कं. म्हणजे प्लेटवर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या एन्झाइमला अडवतं. तरीही ईएसबीएलचा जंतू रक्तात पोचलेला असताना 625 वर विसंबत नाहीत. एन्झाइमचं प्रमाण जास्त असतं, सोबत दुसरेही बचाव असतात, आणि गोळीतून रक्तात पोचणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तुटपुंजं पडतं. आपल्याकडच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ हा शेरा नेहमीचा आहे. तो दिसला की घरातली उरलेली 625 सुरू करू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

घसादुखीला निम्मे पैसे पाण्यात का? बहुतेक घसे विषाणूंनी धरतात. उरलेल्यांतला मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, आणि तो बीटा-लॅक्टमेज बनवतच नाही. ऐंशी वर्षं वापरूनही साधं पेनिसिलिन त्याच्यावर चालतं. तिथे साधी अमॉक्सिसिलिन पुरते. दाताच्या गळूचं म्हणाल तर आधी डेंटिस्टने पू काढायला हवा. तो तसाच ठेवून गोळ्या खाल्ल्या तर सूज चार दिवस दबते आणि पुन्हा वर येते. प्राण्याच्या चाव्याला मात्र ही गोळी पहिल्या पसंतीची: प्राण्यांच्या तोंडातला पाश्चुरेला, स्टॅफिलोकॉकस आणि विनाऑक्सिजन जंतू, तिन्ही एका दमात. अर्थात जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुणं आणि रेबीजची लस यांची जागा ती घेत नाही.

आकड्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. 375 मध्ये 250 + 125, 625 मध्ये 500 + 125, 1000 मध्ये 875 + 125. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तिन्हीत सारखंच. म्हणून ‘625 संपली, 375 च्या दोन घ्या’ हा सल्ला चुकीचा: अमॉक्सिसिलिन बरोबर 500 होतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट, 250, आणि त्यासोबत जुलाब. 625 अर्धी केली तर 375 होत नाही. 250 + 62.5 होतं. सिरपमध्ये असं नाही. 228.5 म्हणजे 5 मिलीत 200 + 28.5 आणि 457 म्हणजे 400 + 57. प्रमाण तेच, म्हणून 228.5 चे 10 मिली आणि 457 चे 5 मिली सारखे. बाटलीवरचा आकडा न बघता जुन्या चिठ्ठीवरून ‘5 मिली’ देणं हा घराघरांतला अपघात. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही.

दिवसातून दोनदा की तीनदा? अमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं. पेनिसिलिनचा परिणाम प्रमाण किती उंच गेलं यावर ठरत नाही. जंतू रोखण्याच्या पातळीच्या वर ते किती वेळ राहिलं यावर ठरतो. डोस दुप्पट केला तर फक्त एक तासभर जास्त मिळतो. म्हणून सकाळची चुकली की रात्री दोन एकदम घेण्यात काही हशील नाही; आठवली तेव्हा एक घ्यावी, पुढची अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. जोराच्या संसर्गाला डॉक्टर 625 दर 8 तासांनी किंवा 1000 दर 12 तासांनी लिहितात. ‘तीनदा’ लिहिलं असेल तर सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10 असं बसवा. नाश्ता-जेवण-जेवण धरलं तर रात्रीचं अंतर अकरा-बारा तासांचं होतं.

गोळी जेवणाच्या किंवा हलक्या खाण्याच्या सुरुवातीला, पहिल्या घासासोबत. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तेव्हा चांगलं शोषलं जातं आणि मळमळ कमी होते. उपाशीपोटी घेऊन ‘गरम पडली’ म्हणणाऱ्यांचा अर्धा त्रास इथेच मिटतो.

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दमटपणाला फार हळवं. गोळ्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत येतात त्या यासाठी. आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका, कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. पांढरी गोळी पिवळट-तपकिरी झाली की टाकून द्या.

ड्राय सिरप बनवताना आधी बाटली तळव्यावर आपटून पावडर मोकळी करा, नाहीतर तळाशी गठ्ठा बसतो आणि शेवटचे डोस सुरुवातीच्या डोसांपेक्षा कडक होतात. सोबत निर्जंतुक पाणी दिलं असेल तर तेच. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं. कोमट चालत नाही, औषध लवकर नासतं. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच पातळी समजलं की औषध घट्ट राहतं. बाटलीवर तारीख टाका, फ्रिजमध्ये ठेवा पण फ्रीजरमध्ये नको, 7 दिवसांनी उरलेलं फेका. प्रत्येक वेळी हलवून, सुईविना सिरिंजने मोजून द्या. घरातल्या चमच्यात 3 मिली बसतं की 7, सांगता येत नाही. 30 मिलीची बाटली 5 मिली दोनदा दिली तर तीनच दिवस पुरते. पाच दिवसांचा कोर्स असेल तर दुसरी बाटली आणून ठेवा, पण पहिली संपल्यावरच दुसरीत पाणी घाला.

त्रास: जुलाब सर्रास. पाण्यासारखे, रक्ताचे किंवा तापासह झाले तर थांबून डॉक्टरांना विचारा. ते बंद करणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. काविळीचा धोका मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. ती मुख्यतः क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे, बहुधा वयस्कर पुरुषांत, आणि कधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते. लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे असं झालं तर महिन्यापूर्वी घेतलेल्या गोळीचाही उल्लेख करा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं म्हणजे ॲलर्जी, तडक हॉस्पिटल. मेथोट्रेक्सेट, वॉर्फरिन किंवा ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर आधीच सांगा. मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी करावा लागतो आणि 1000 ची गोळी टाळावी लागते.

खरेदी करताना ब्रँडपेक्षा घटकांची ओळ वाचा. ‘एलबी’ लिहिलेल्या प्रकारात लॅक्टोबॅसिलससारखे उपकारक जंतू घातलेले असतात. त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं काही दिसत नाही. पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही. कात्रीने कापलेल्या दोन-चार गोळ्या घ्याव्या लागल्या तर एक्स्पायरी आणि बॅच नंबर असलेला तुकडा मागा, तो नसेल तर बिलावर दोन्ही लिहून घ्या. मोठ्या ब्रँडच्या पट्टीवर क्यूआर कोड असतो, 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडना तो सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर येणारा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळला नाही तर ती पट्टी परत करा.